पांढरी चार

उकळत्या पाण्यात श्पार्गेलच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या शतावरीच्या, साली पडल्या की तीन वास एकामागून एक येतात. आधी कच्च्या मुळ्याचा, मग कोमट दुधाचा, आणि झाकण काढताना, अगदी शेवटी, गंधकाची बारीक कड असलेला एक कडसर वास, जो पडद्यांत बसतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. एप्रिल सरत आला की डार्मश्टाटमधल्या प्रत्येक जिन्यात हा वास भेटतो. गावाबाहेर शेतांच्या कडेला लाकडी टपऱ्या उभ्या राहतात, त्यांत ओल्या फडक्याखाली ही पांढरी बोटं रांगेने निजवलेली असतात. चोवीस जूनला, संत योहानाच्या दिवशी, खुडणी थांबते आणि टपऱ्या नाहीशा होतात. पुढे वर्षभर या भाजीचं कोणाला काही वाटत नाही. मला तेवढे आठ आठवडे पुरतात.

यंदा सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी पातेल्यात डोकावून विचारलं, "अगं, एवढा मुळा उकडून त्याचं पाणी कशाला जपून ठेवतेस?"

"आई, त्याचं सूप करतात इथे."

"करोत. मी कूट घालून परतते."

"आजी, दास इस्ट काइन मुळा," माझी नऊ वर्षांची रेवा पेटीच्या आकाराच्या तिच्या कीबोर्डवरून मान न वळवता म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं.

"मुळाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "उन्हात न गेलेला मुळा."

त्यांना ठाऊक नसताना त्या नेमकं बोलून गेल्या. श्पार्गेलवर मातीचे उंच वरंबे चढवतात, त्यांवर काळं प्लास्टिक अंथरतात. कोंब वाढतो तो सगळा अंधारात. डोकं जरा बाहेर आलं आणि उजेड लागला की ते जांभळं पडतं, आणि मग त्याची रवानगी वेगळ्या पेटीत होते. ताटात जे पांढरं, मऊ आणि निष्पाप दिसतं त्याला कोणीतरी आयुष्यभर उजेडापासून राखलेलं असतं. मी एका मोसमात हेच काम केलं होतं. फक्त मी शेतकरी नव्हते. मी गात होते.

आम्ही चौघं होतो. मुक्ता, श्रीरंग, हेमंत आणि मी. चौघंही त्या काळी विद्यापीठात संशोधन करणारे, एकाच वोनहाइममध्ये राहणारे. त्या वसतिगृहाचा जिना सहा मजल्यांचा, उघड्या सिमेंटचा होता. त्यात आवाज सोडला की तो वर जाऊन, अंगाने भरून, परत खाली यायचा. मुक्ता रसायनशास्त्रातली. तळघरातून धुतलेल्या कपड्यांची टोपली वर आणताना ती गुणगुणायची. एकदा तिसऱ्या मजल्यावरून श्रीरंगने तिला नुसत्या "डूम, डूम"ची साथ दिली. त्याचा आवाज विहिरीत घागर बुडावी तसा. हेमंतने मधला सूर धरला. मी दार उघडून बाहेर आले, आणि आत परत जाण्याचं काही कारण उरलं नाही.

आमचं गाणं ऐकून जिन्यात पहिल्यांदा जी बाहेरची व्यक्ती शिरली ती तक्रार करायला आली असेल असं आम्हाला वाटलं. दुपारची शांततेची वेळ होती. त्या होत्या फ्राउ लोरेंत्स, पलीकडच्या रस्त्यावर राहणाऱ्या, सत्तरी गाठलेल्या, निवृत्त संगीतशिक्षिका. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आल्झो, हे डू-वॉप आहे. तुम्हाला माहीत आहे का?" आम्हाला माहीत नव्हतं. त्यांचं बालपण इथल्या अमेरिकी छावणीच्या भिंतीलगत गेलं होतं. संध्याकाळी सुटलेले शिपाई कोपऱ्यावर उभे राहून गायचे. हाती वाद्य नाही. एक जण शब्द गाणार, बाकीचे अर्थ नसलेली अक्षरं गाऊन त्याच्याखाली जमीन तयार करणार. शू-वाप, डूम, वा-वा. ती जमीन कशी बांधायची ते फ्राउ लोरेंत्सनी आम्हाला वर्षभर शिकवलं.

शब्द मुक्ता गायची. शब्द माझे होते. कवितेत एम.ए. करून मी इथे संगणकाला भाषा कशी कळते त्याच्या अभ्यासाला आले होते, आणि माझ्याजवळ वहीभर ओळी होत्या ज्या कोणी मागितल्या नव्हत्या. आमचं मुख्य गाणं त्यातलंच. *थांब ना, थांब ना, अजून उजेड आहे.* जूनमध्ये इथे साडेनऊला सूर्य मावळतो, त्या लांबलेल्या संध्याकाळचं ते गाणं. 'उजेड'मधल्या 'जे'वर सूर सगळ्यांत उंच जायचा. तो मुक्ताचा होता. मी माझ्याच ओळींच्या खाली उभी राहून "वा-वा, शू-वाप" म्हणत असे. यात मला काही कमीपणा वाटायचा नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. वाद्य नसलेल्या गाण्यात सुरुवातीचा सूर कोणीतरी द्यावा लागतो. फ्राउ लोरेंत्सनी त्यांचा जुना नादकाटा मला दिला. शाळेत प्रयोगाला असतो तसाच, दोन बोटांचा, पोलादी. तो गुडघ्यावर आपटायचा, दांडी कानामागच्या हाडाला टेकवायची. तो एकच सूर बोलतो, आणि तोही फक्त तुमच्या कवटीत. त्यावरून गाण्याचा सूर मनात मोजायचा आणि बाकीच्या तिघांना गुणगुणून द्यायचा. काट्याचा आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही. मी देईन ती पट्टी.

"सूर देणारीने चुकायचं नाही," फ्राउ लोरेंत्स म्हणाल्या होत्या. "आणि चुकलीच, तर सगळ्यांनी तिच्याबरोबर चुकायचं. तिला एकटीला बरोबर ठेवायचं नाही आणि एकटीला चूकही ठेवायचं नाही."

त्या वसंतात आम्हाला आमंत्रणं येऊ लागली. विद्यापीठाच्या एका कार्यक्रमात कोणीतरी आम्हाला ऐकलं होतं, आणि डार्मश्टाटच्या आसपासच्या गावांत दर रविवारी कुठे ना कुठे श्पार्गेलफेस्ट असतोच. तंबू, लांब बाकं, बटाटे, हॅम, पिवळा सॉस, आणि कोपऱ्यात लाकडी मंच. आधी शेतकऱ्यांचा बँड, नंतर आम्ही. मानधन म्हणून माणशी दोन किलो श्पार्गेल. मोसमाच्या शेवटी रेकॉर्डिंग करायचं असं हेमंतने ठरवलं होतं; तो आमचा व्यवस्थापक, वही आणि पेन्सिल घेऊन जन्मलेला. समोरच्या बाकांवर एकालाही मराठी येत नव्हतं. ते टाळ्या वाजवायचे, मान डोलवायचे, 'शू-वाप'ला जेवढं हसायचे तेवढंच 'अजून उजेड आहे'ला. एकदा मंचावरून त्यांच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं की त्यांच्या लेखी माझी कविता आणि माझी निरर्थक अक्षरं यांत काहीच फरक नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पहिल्या रविवारी मुक्ताचा आवाज 'जे'वर फुटला. काच तडकते तसा नव्हे. ओल्या कापडाचा पीळ सुटावा तसा. एका क्षणाचं काम. मी तिच्या डाव्या हाताला उभी असायची. तिच्या मानेवरची शीर मला दिसली, आणि तिने पाठीमागे धरलेल्या हाताची आवळलेली मूठही.

गाडीत हेमंत पेन्सिल काढून म्हणाला, "एक सूर खाली घेऊ या का? अर्धाच."

"पट्टी उतरवली की गाणं म्हातारं होतं," मुक्ता खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पांढरी पाचच राहील. नसेल जमत तर मला काढा."

हेमंतने पेन्सिल खिशात ठेवली.

आमच्याकडे पेटीच्या पट्ट्यांवरून सूर सांगतात. पांढरी पाच म्हणजे पाचवी पांढरी पट्टी. तिच्या अर्धा सूर खाली काळी तीन, आणखी अर्धा खाली पांढरी चार. पुढच्या रविवारी मंचाच्या पायऱ्या चढताना मी काटा गुडघ्यावर आपटला, कानामागे टेकवला, आणि काळी तीन गुणगुणले. मी काही ठरवलं होतं असं मला आठवत नाही. ती मूठ आठवते. तिघांनी माझ्याकडून सूर घेतला, जसा घ्यायचा तसा, विश्वासाने. 'जे' आला आणि तरंगत वर गेला. बाकांवरच्या माणसांनी काटेचमचे खाली ठेवले.

"घसा सुटला माझा," मुक्ता परत येताना सगळ्यांना सांगत होती. "आलं आणि मध. आठवडाभर. लिहून घ्या."

"मी श्पार्गेलच्या सालीचं पाणी पितो," श्रीरंग म्हणाला. "माझा घसा आता बटाट्यांना साथ देईल."

आम्ही खूप हसलो. मी सगळ्यांत जास्त.

मेच्या मध्यावर काळी तीनही तिला जड जायला लागली. मी पांढरी चार दिली. इथे तिला एफ म्हणतात. त्या दिवशी फ्राउ लोरेंत्स ऐकायला आल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला तंबूच्या मागे नेलं, जिथे बायका प्लास्टिकच्या टोपांत साली टाकत बसल्या होत्या.

"तू एफ देतेस."

"हो."

"तिने मागितला?"

"नाही."

"तिला माहीत आहे?"

"नाही. कळलं तर ती गाणार नाही."

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. त्याला व्हिनेगरचा वास होता. "आल्झो, सांगून टाक," त्या म्हणाल्या. "मागितलेलं माणसं परत करतात. न मागता दिलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही." त्या जूनच्या सुरुवातीला हाम्बुर्गला मुलाकडे राहायला गेल्या, आणि ही गोष्ट माहीत असलेलं माणूस माझ्याखेरीज या गावात उरलं नाही, असं मी समजत होते.

मी सांगितलं नाही. का नाही, याची उत्तरं मी वर्षानुवर्षं बदलत आले. मैत्री, दया, मोसम पार पडावा ही इच्छा. आता या वयात जे उत्तर जिभेवर येतं ते कडू आहे आणि म्हणून बहुधा खरं. मला ते आवडत होतं. समोर सगळे तिच्याकडे बघत असताना ती कुठून सुरू होणार हे माझ्या गुडघ्यावर ठरत होतं. मी लपलेली होते आणि लपण्यात एक सत्ता असते. माझ्या चांगुलपणाला मी स्वतःच्याच हाताने काळं प्लास्टिक पांघरलं होतं आणि त्याखाली तो चांगला पोसला होता.

अडचण श्रीरंगची झाली. पट्टी खाली आली की सगळ्यांत खालचा आवाज आणखी खाली जातो. त्याचा शेवटचा 'डूम' आता सूर न राहता नुसती हवा होऊ लागला. "माझा सूर वरंब्यात गाडला जातोय," तो म्हणायचा. जूनच्या मध्यावर, एका सरावाला, त्याने फोनवर सूर मोजणारं ॲप उघडून माझ्या नकळत पायरीवर ठेवलं. मी काटा आपटला, सूर दिला. पडद्यावर एफ उमटला.

तो जिना मला तसाच्या तसा दिसतो. ते तिघं वरच्या पायऱ्यांवर बसलेले, मी खालच्या वळणावर उभी. कोणाच्या तरी दाराआडून साली उकळल्याचा वास.

"पूर्ण एक सूर खाली," श्रीरंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटल्याचा आनंद होता. "म्हणजे दोष माझा नाही. हिचा कान गेलाय."

"किती दिवस?" हेमंतने मला विचारलं.

मी काट्याची दांडी अंगठ्याने पुसत राहिले.

"हे बघ, कोणाचाही कान थकू शकतो," हेमंत फार सौजन्याने म्हणाला. "पण रेकॉर्डिंग तीन आठवड्यांवर आलंय. सूर देणाऱ्या माणसालाच सूर कळत नसेल, तर आम्ही कशाच्या भरवशावर उभं राहायचं?"

मी मुक्ताकडे बघितलं. ती हातातल्या पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत होती. एक लांब पट्टी निघाली, मग दुसरी. मला वाटलं, तिला काहीच माहीत नाही, आणि आता मी बोलले तर या दोघांसमोर तिचा घसा उघडा पडेल. मी तिला वाचवत होते. खालच्या वळणावर उभी राहून मी मनात म्हणत होते, बघ, मी तुला अजूनही वाचवतेय.

"तिला विश्रांतीची गरज आहे," मुक्ता बाटलीकडे बघत म्हणाली. "खरंच. फार ओढलं आपण तिला."

नंतर कळलं की फ्रांकफुर्टला संगीत शिकणाऱ्या एका मुलीशी हेमंतचं आधीच बोलणं झालं होतं. "काटा ठेवून जाशील? तो ग्रुपचा आहे," तो म्हणाला. तो ग्रुपचा नव्हता. मी पायरीवर ठेवला. सिमेंटवर टेकताना तो क्षणभर बोलला, आणि त्या वेळी मात्र तो सगळ्यांना ऐकू गेला.

पुढची त्यांची कारकीर्द मी इतरांसारखी लांबून पाहिली. चार वर्षं. लुडविग्सहाफेन, ड्रेस्डेन, दिवाळीचे कार्यक्रम, एक अल्बम, मुखपृष्ठावर जिना. गीतकार म्हणून माझं नाव बारीक अक्षरात. हेमंत अशा बाबतीत काटेकोर. मग श्रीरंगला ड्रेस्डेनच्या चिपच्या कारखान्यात नोकरी लागली, हेमंत पुण्याला परतला, आणि गाणं कसलाही समारंभ न होता थांबलं. मुक्ता लुडविग्सहाफेनला राहते, रसायनांच्या कारखान्यात काम करते. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना फुलांची चित्रं पाठवतो. तो अल्बम मी कधी ऐकला नाही. लोकांना वाटलं मोठं मन. माझ्या घरच्यांनाही तेच वाटलं.

यंदा मेमध्ये रेवाला तो इंटरनेटवर सापडला. "आई, हियर श्टेट डाइन नामे," माझं नाव लिहिलंय म्हणून ती हरखली होती. मी साली काढत होते, सासूबाई कूट भाजत होत्या. गाणं सुरू झालं. बारा वर्षांनी मुक्ताचा आवाज स्वयंपाकघरात आला आणि 'जे' कुठेही न अडखळता उघडला. रेवाने कीबोर्डवर एक पट्टी दाबली, दुसरी दाबली, आणि तिला जोडीचा सूर सापडला.

"दास इस्ट एफ," ती म्हणाली.

"परत बघ."

"एफ, आई. गान्त्स जिशर." अगदी नक्की.

मी तिच्या बोटाखाली बघितलं. पांढरी चार.

"काय गं, हात थांबला?" सासूबाई म्हणाल्या. "करपतंय इकडे."

ज्या पट्टीसाठी माझा कान गेला होता, त्याच पट्टीत त्यांनी तीन आठवड्यांनी गाणं कायमचं नोंदवलं. काळी तीन नव्हे, पांढरी तीन नव्हे. नेमकी ती. कोणीतरी उघडपणे तिचं नाव घेतलं असणार, आणि ज्याने घेतलं त्याला 'जे' त्याच पट्टीत सुटतो हे आधीपासून ठाऊक असणार. दोन दिवस मी स्वतःला समजावलं की योगायोग असू शकतो. तिसऱ्या दिवशी मानहाइमला गाडी बदलून लुडविग्सहाफेनला गेले.

मुक्ताने दार उघडलं. केस पिकलेत, शोभतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसत होत्या आणि ओट्यावर श्पार्गेलची जुडी होती.

"ये. सासूबाई रमल्यात का?"

"त्याला मुळा म्हणतात."

"बरोबरच आहे." ती हसली. "बस, तुलाही कामाला लावते." सोलणं काढायला तिने खण ओढला. सोलण्याशेजारी, चमच्यांमध्ये, नादकाटा पडलेला होता. तिने तो पाहिल्याचं मी पाहिलं. तिने खण लावून घेतला.

आम्ही समोरासमोर बसून सोलू लागलो. डोक्याकडून खाली, एका ओढीत. साली वर्तमानपत्रावर पडत होत्या.

"तू अजून जाड काढतेस," ती म्हणाली.

"परवा अल्बम ऐकला. रेवाने लावला."

"बारा वर्षांनी? गेनाऊ तुझ्यासारखं."

"एफमध्ये आहे."

"हो. माइकसमोर खालची पट्टी उबदार वाटते, म्हणाले मी. श्रीरंग कुरकुरला, मग ऐकलं त्याने."

"एफच का?"

ती सोलत राहिली. खालचं टोक आलं तेव्हा ते तिने बोटांनी मोडलं, कोरडं, कट्कन आवाज करत.

"मुक्ता, जिन्यातल्या त्या दिवसाआधी, मी सूर द्यायची तेव्हा, मी पट्टी उतरवतेय हे तुला कळायचं?"

तिने सोललेला कोंब पाण्यात सोडला. तो आडवा होऊन वर आला, पांढरा, कुठेही डाग नसलेला. तिने हात पुसले, आणि त्या दिवशी जिन्यात बघितलं नव्हतं तसं सरळ माझ्याकडे बघितलं.

"कळायचं."